मालक सिप्पोरा

६ फेब्रुवारी १९९५

आले बाई एकदाची पनवेलला! पंपांच्या कारखान्यात नोकरी, टपाल नाक्याजवळ हवेशीर खोली. गुरुदत्त साहेबांनी कॉम्प्युटर दाखवला: काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावर डेटाबेस बसवायचा, म्हणजे कामगारांच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या तक्त्यांत. आधी हे काम सिप्पोरा पेणकर बघायची, ती इस्रायलला गेली. साहेब म्हणाले, तिच्या हाताला यश होतं. काशिराम शिपाई म्हणाला, तशी बाई पुना होनं नाय. बरं बाबा, बघू.

८ फेब्रुवारी

वीस फ्लॉप्या. एकेक आज्ञा हाताने टाइप करत संध्याकाळी बसवला एकदाचा. चाचणीला पहिली नोंद माझीच भरली: अनुया. मग तक्त्याचा मालक कोण असं मशीनला विचारलं, तर उत्तर: सिप्पोरा. ज्याच्या नावाने बसवावं, तोच मालक. मशीन तिच्याच नावाने उघडं होतं आणि मी वेंधळी, न बघता बसवत गेले. मेहनत माझी, नाव तिचं! वर साहेब म्हणतात, सिप्पोराने दुपारीच संपवलं असतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

९ फेब्रुवारी

सकाळी मालकी माझ्या नावावर केली. चहा पिऊन येते तर सिप्पोरा. पुन्हा केली. जेवून येते तर पुन्हा सिप्पोरा! मेली तिकडे बसूनही सोडत नाही. हो, जळते मी तिच्यावर.

१० फेब्रुवारी

आज पुसलीच तिला. ड्रॉप यूजर सिप्पोरा कॅस्केड. ती आणि तिच्या मालकीचं सगळं, एका आज्ञेत साफ. कसलं गार वाटलं म्हणून सांगू!

१३ फेब्रुवारी

हजेरीपटावर माझं नाव नाही. काशिरामने दारात अडवून विचारलं, तुमी कोन? चेष्टा वाटली. पण साहेबही ओळखेनात. मग लक्षात आलं. माझी नोंद तिच्याच मालकीची होती. तिच्याबरोबर मीही—

१४ फेब्रुवारी

घरमालकीण वसुंधराबाई म्हणतात, ही खोली रिकामीच होती. आईला फोन केला. म्हणाली, मला मुलगी नाही. देवा—

१५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत आत शिरले. पुन्हा बसवतेय. मशीनने मालकाचं नाव विचारलं. अनुया. नाही घेतलं. अनुया. नाही—

शेवटी तिचं टाइप केलं. लगेच घेतलं.

काशिराम धावत आला. साहेब आले. सिप्पोरा, कधी आलीस म्हणून सगळे खूश— किती कौतुक— हेच हवं होतं ना मला—

साहेब वहीत डोकावतायत. म्हणतात, अक्षर अजून तसंच गं तुझं, सिप्पोरा. नाही हो साहेब, मी सिप्पोरा नाही, मी अ—