भिंतीवरचा चारचा आकडा

बाबा, तुमची शेवटची मासोळी गेली. रविवारी दुपारी, साडेतीनच्या सुमारास. त्याला आता तीन आठवडे होतील. मला हे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहायचं आहे, कारण घरी-शेजारी ते वेगळ्या क्रमाने सांगितलं जातं आणि ते मी आजवर दुरुस्त केलेलं नाही.

हिंगणीकडच्या तलावांवर तुम्ही रोहू-कतल्याचं मत्स्यबीज सांभाळायचात, तेव्हाची गोष्ट. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातला हौद बुजवणार होते आणि त्यातल्या तीन कोई, शोभेच्या रंगीत मासोळ्या, तुम्ही दुधाच्या कॅनमध्ये घालून सेलूला आणल्यात. आईने कॅनमध्ये डोकावून विचारलं होतं, "खायच्या नाईत, तं आणल्या काऊन?" पुढच्या महिन्याभरात मागच्या वाडीत कडुनिंबाखाली टाकं बांधलंत, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि आतल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने एक ते चार फुटांच्या खुणा केल्यात. मला त्या खुणा फार आवडायच्या. एका उन्हाळ्यात तुम्ही मला पाणी पाहून यायला सांगितलंत, तर मी मागच्या दाराच्या ओट्यावरूनच भिंत वाचली आणि साडेतीन म्हणाले. तुम्ही माझं मनगट धरून टाक्यापाशी नेलंत आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवलात. पाणी कढत होतं. "भिंत काय सांगते? आकडा सांगते. मासोळीले कसं वाटून राह्यलं ते हातानं पाहा लागते." मी दहा वर्षांची होते. मनगट दुखलं म्हणून नाही, आकडा बरोबर असून बोलणी खावी लागली म्हणून मला राग आला होता. तो पुष्कळ दिवस टिकला.

मी लॅब टेक्निशियनच्या पहिल्या वर्षाला असताना तुमचे पाय सुजायला लागले. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर गोल गोल बोलले आणि आई तुमच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "कागद काय म्हणते?" मी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा सांगितला, तो किती असायला हवा ते सांगितलं आणि पुढे साधारण काय होतं तेही सांगितलं. तुम्ही चहा संपवलात, बशी उपडी ठेवलीत. "बरं झालं सांगितलं. बाकीचे नुसते डोक्शावर हात फिरवतेत." तुमच्याकडून मिळालेली ती माझी सर्वांत मोठी शाबासकी. नंतर कित्येक रात्री मला वाटत राहिलं की एकोणीस वर्षांच्या मुलीने बापाला एवढं नेमकं सांगायला नको होतं. पण तुम्हाला ते हवं होतं, हे मला त्याच महिन्यात दिसलं.

तुम्ही टाकं रिकामं केलंत. मासोळ्या ड्रमात ठेवल्या आणि तळाला दगड आणि मुरूम भरायला घेतला. तुम्हाला घमेलं उचलवत नव्हतं, म्हणून घमेली मी वाहिली. दोन दिवस. तुम्ही काठावर बसून सांगायचात, इथं टाक, तिथं दाब. वरून गिलावा झाला तेव्हा तळ दोन फूट वर आला होता. मी विचारलं की धडधाकट टाकं उथळ कशाला करायचं, मासोळ्यांना खोल पाणी लागतं. तुम्ही स्वयंपाकघराकडे बघितलंत. आई आत भांडी घासत होती. "तुह्या मायचा हात तळाले पोचला पाह्यजे. गाळ काढाले आता मी काही राह्यत नाई." लाल खुणा मात्र तशाच राहिल्या. त्या पुसून नव्या काढायच्या आधी, चार महिन्यांच्या आतच, तुम्ही गेलात, आणि मला ते सुचलं नाही.

अकरा वर्षं आईने गाळ काढला. पाणी बदलायचं ते ड्रमात एक दिवस उभं ठेवून, ब्लीचिंगचा वास गेल्यावर, तुम्ही शिकवलं तसंच. दोन मासोळ्या म्हातारपणाने गेल्या. उरली ती पांढरी, पाठीवर तांबडा डाग असलेली. आई तिला म्हातारी म्हणायची आणि घरात आपण तिघी बाया, असं शेजारणीला सांगायची. मी सकाळी सात वाजता स्कूटीने सेवाग्रामकडे निघते, तिकडच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, अंधार पडायच्या आत परतते. अकरा वर्षांत मी टाक्यात हात घातला नाही. ओट्यावरून बघायचे, इतकंच.

थंडी सुरू झाली तशी म्हातारीने खाणं सोडलं. भिंतीला अंग घासायची, पर मिटून एका कोपऱ्यात उभी राहायची, अंगावर करडा चिकटा आला होता. आई म्हणाली, "तुह्या बाबाले कळलं असतं." मी म्हटलं, मलाही कळेल. आईने तिला ओल्या फडक्यात धरलं, मी काचेच्या कडेने कल्ल्यामागचा चिकटा खरवडून काचपट्टीवर घेतला आणि टाक्याचंच थोडं पाणी बाटलीत भरून नेलं. ड्यूटी संपल्यावर मायक्रोस्कोपखाली बघितलं. गोल, काठाला केसांची झालर असलेले परजीवी, गरगर फिरत होते. आमचे सीनिअर टेक्निशियन मागून वाकून म्हणाले, "पेशंटचं नाव काय लिहू मॅडम? उपाशीपोटी घेतलं ना सॅम्पल?" मी हसले, बाबा. मला आनंद झाला होता. तुम्ही जे हाताने अंदाजाने ओळखलं असतं, ते मला डोळ्यांनी दिसलं होतं.

औषध तेच, विहिरीत टाकतात ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट. तुम्ही ते चिमटीने टाकायचात आणि पाण्याचा रंग बघून थांबायचात. मी लॅबच्या काट्यावर वजन केलं. लांबी दहा, रुंदी सहा, पाणी भिंतीवरच्या खुणेप्रमाणे बरोबर चार फूट. दोनशे चाळीस घनफूट, म्हणजे सहा हजार आठशे लिटर. लिटरला दोन मिलिग्रॅम. तेरा ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम. गुणाकार मी तीनदा तपासला.

रविवारी सकाळी साडेदहाला बादलीत विरघळवून ते टाक्यात सगळीकडे ओतलं. त्याच्या तासभर आधी आईने, मला न विचारता, तुमच्या सवयीने दोन मुठी मीठ टाकलं होतं. तिने ते लगेच सांगितलं आणि मी तिला रागावले. म्हटलं, औषध चालू असताना आपल्या मनाने काही टाकायचं नाही. शेजारीण भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती, तिने ऐकलं. आई आत गेली.

बाराच्या आधीच म्हातारी वर आली आणि तोंड उघडंमिटं करायला लागली. पाणी हलवायला मी कोपऱ्यातला बांबू घेतला आणि आत खुपसला, तर तो मधेच अडकला. पुन्हा दुसरीकडे खुपसला. तिथेही तसाच. बाहेर काढून ओल्या भागावर टेप लावला. दोन फूट. पुढचा हिशेब मी उभ्याउभ्याच केला. पाणी निम्मं, म्हणजे औषध दुप्पट, आणि कल्ले आधीच सुजलेले. ज्या दगडांवर बांबू अडकला होता ते मी डोक्यावरून वाहिले होते.

घरात जखमेसाठी ठेवलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती, ती ओतली. त्याने औषध मरतं. पाण्याचा जांभळा रंग गेला. ड्रममधलं उभं ठेवलेलं पाणी सोडलं. आई म्हातारीला दोन्ही तळव्यांवर तोलून पाण्यात पुढे-मागे करत बसली, तुम्ही करायचात तसं, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. तिचा हात तळाला टेकत होता. तीन तास बसली. कल्ल्यांची उघडझाप थांबल्यावरही थोडा वेळ करत राहिली. मग तिने मला विचारलं, वर न बघता, "माह्या मिठानं तं नाई मेली ना बाई?"

दोन मुठी म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. चौतीसशे लिटर पाण्यात त्याचा परिणाम शून्य. हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

तुम्हाला तुमच्या मरणाचा आकडा मी सांगू शकले आणि आईला हा सांगू शकले नाही. मला वाटायचं की मी खरं बोलणारी आहे. पण आजवर जे आकडे मी सांगितले, त्यांतला एकही माझ्या चुकीचा नव्हता.

शेजारीण आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरगी सांगून राह्यली होती तरी मायनं मीठ टाकलं. आई ऐकून घेते. टाकं तिने कोरडं केलं आहे. लाल खुणा अजून भिंतीवर आहेत; मी खरवडायला गेले होते, एकीवर नख लावलं आणि परत आले. हे पत्र घरात ठेवता येणार नाही, कारण आईला वाचता येतं. लॅबमधल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, जुन्या नोंदवहीखाली राहील.

आणखी एक. त्या रविवारपासून आई स्वयंपाकात मीठ घालण्याआधी मला हाक मारते. तळहातावर मीठ घेऊन दाखवते आणि विचारते, "एवढं टाकू का?" आजही विचारलं. मी मागच्या ओट्यावरूनच बघितलं आणि बरोबर आहे म्हणाले. भाजी अळणी झाली होती. मी ती सगळी खाल्ली.