बाबांचा चेहरा

प्रिय आई,

मावशीकडे कायमची निघालीस तेव्हा तू म्हणाली होतीस, "या माणसाला माझं काही वाटतच नाही. भिंतीशी संसार केल्यासारखं झालंय." मलाही ते पटलं होतं. काहीही झालं तरी बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

परवा कारखान्यात मागे सरकताना तोल जाऊन बाबा पडले, म्हणून त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई होत्या. बाबा बंद टाक्यांत शिरून वेल्डिंग करतात हे ऐकून त्यांनी मान हलवली. त्या धुरात मँगनीज असतं, म्हणाल्या. ते श्वासावाटे मेंदूत जाऊन साठतं आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मारतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. चाल बिघडते, आवाज सपाट होतो, चेहरा थिजतो.

"पण त्यांना आतून काही वाटतं का?" मी विचारलं.

"सगळं वाटतं."

मग त्या बाबांना म्हणाल्या, "जरा हसून दाखवा." बाबा तसेच बसून राहिले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं.

"हसतोय की," बाबा म्हणाले.



घरी येऊन बाबांना विचारलं, आईला कळवू का? "नको. कीव येऊन परत यायची ती." म्हणून हे पत्र मी टाकणार नाहीये. पण आई, तू गेलीस त्या दिवशी ते बराच वेळ स्वयंपाकघरात उभे होते. बाहेर आले तेव्हा चेहरा ओला होता. मला वाटलं, तोंड धुतलं असेल.

तुझी,
धाकटी