शेवंतीची एकशेऐंशी फुलं

१ मार्च, सकाळी
चिनी पद्धतीने सध्या वसंत ऋतू. ऋचाने पुण्याहून पार्सल पाठवलं आहे. शेवंतीच्या सुक्या फुलांचं पाकीट आणि एक तक्ता. पोरीने ऑनलाइन कोर्स केला आहे. चिनी वैद्यकात म्हणे वसंत म्हणजे लिव्हरचा ऋतू, आणि माणूस जे बोलत नाही ते सगळं लिव्हरमध्ये साठतं. माझं काही साठलेलं नाही. पण तिची अट आहे. पाडव्यापर्यंत तीस दिवस तक्ता पाळला, तर मला पुण्याला नेण्याचा विषय बंद. ऋचाच्या आईला, कुसुमला, जाऊन सात महिने झाले. मी व्यवस्थित आहे. सिद्ध करायला तीस दिवस म्हणजे खूप झाले.
फुलं मोजून बरणीत भरली. एकशेऐंशी. रोज एक कप चहा, कपाला सहा. पाडव्यापर्यंत बरोबर पुरतात.

२ मार्च
तक्ता म्हणतो, पाचला उठा. सव्वासातला उठलो. पूर्वी अख्ख्या देशाची वेळ आमच्या उज्जैनवरून मोजत. इथे चीनची वेळ लावणं मुळातच संशयास्पद.

३ मार्च
तक्ता म्हणतो, वसंतात मान वाऱ्यापासून जपा. मफलर बांधून नानाखेडा बसस्टँडपर्यंत चालत गेलो. पारा पस्तीस. रिक्षावाल्याने विचारलं, बाबूजी, तबीयत खराब है क्या? सांगितलं, तब्येत बनवतो आहे.
ऋचाला रोज संध्याकाळी मोबाइलवर रकाने भरून पाठवायचे. राग आला का? नाही. मन मोकळं केलं का? इथे ‘लागू नाही’ असं लिहितो.

५ मार्च
पाकिटावर सगळं चिनीत लिहिलेलं. फ्रीगंज बाजारातल्या जडीबुटीवाल्याला फूल दाखवलं. त्याने हुंगलं आणि म्हणाला, ये तो पूजा का फूल है, इसको कौन पीता है? मी म्हटलं, कोणी नाही, सहज विचारलं.

८ मार्च, सकाळी, चहाआधी
धक्का. सात दिवसांची बेचाळीस फुलं वजा जाता एकशेअडतीस उरायला हवीत. बरणीत शहाण्णव. तीनदा मोजली. रोजची सहा फुलं जास्त जात आहेत.
चोर शिस्तीचा आहे. मूठ मारत नाही. तक्त्याप्रमाणे नेमकी सहा घेतो. म्हणजे चोराला वाचता येतं. कामवाल्या सुगनबाईला वाचता येत नाही. शेजारच्या प्रतिभाताईंना येतं. त्यांच्या गॅलरीतून आमचं स्वयंपाकघर दिसतं, आणि हल्ली त्यांचा चेहरा तजेलदार दिसतो.
खात्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं आहे. पुरावा हातात येईपर्यंत बोलायचं नाही.

९ मार्च
प्रतिभाताई वाटीभर भरलं वांगं घेऊन आल्या. म्हणाल्या, भावजी, चहा दोन वेळा घेता का हल्ली? मी म्हटलं, एकदाच. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. वांगं चांगलं होतं. संशय वाढला.

१० मार्च
पहाटे चहा केला. कप ओट्यावर ठेवले. बरणीच्या झाकणाला हळद लावून ठेवली.

११ मार्च
हळद पुसली गेली आहे. थोडी माझ्या बोटांना आहे, पण ती उघडताना लागणारच. प्रतिभाताईंची बोटंही पिवळी. म्हणाल्या, फोडणी देत होते. कारण तयार होतं.

१३ मार्च
तक्ता म्हणतो, दहा मिनिटं हिरव्याकडे पाहा. मागच्या दारी कुसुमने लावलेला कढीपत्ता आहे. पावसाळ्यानंतर वाळतच चालला होता. यंदा नवे कोंब फुटले आहेत, पानं तेलकट चमकतात. माझ्या नजरेचा परिणाम. पद्धतीत तथ्य आहे म्हणायचं.
पायाच्या अंगठ्याशेजारचा बिंदू तीन मिनिटं दाबला. कमरेत भरलं. राग आला का? नाही.

१५ मार्च
बरणी रिकामी. उद्या रविवार, ऋचा घरी असेल. तिच्यासमोर व्हिडिओवर सगळं उघड करणार. बाप किती सावध आहे ते तिलाही दिसेल. पुण्याचा विषय तिथेच संपेल.

१६ मार्च
ऋचाला फोन लावून मोबाइल डब्याला टेकवला. सुगनबाईला, प्रतिभाताईंना उभं केलं. आकडे वाचून दाखवले.
सुगनबाई म्हणाली, साब, रोज दो कप तो आप ही बनाते हो. एक पीते हो. दूसरा बाईसाब के नीले कप में, ऊपर तश्तरी ढँककर, खिड़की के पास रख देते हो. मैं आती हूँ तो भरा का भरा, ठंडा. फेंकना पाप है, तो मीठे नीम में डाल देती हूँ. तिचा मीठा नीम म्हणजे आमचा कढीपत्ता. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हणाली, पूछना अच्छा नहीं लगा.
प्रतिभाताई कढीपत्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, भावजी, पहिल्याच आठवड्यात दिसलं मला. ऋचाला कळवलं होतं.
ऋचा म्हणाली, बाबा, दुसरं पाकीट परवाच पाठवलंय. पुण्याचं नाव काढलं नाही. म्हणजे मी जिंकलो.
औषध लागू पडलं आहे. कढीपत्त्याला.

१७ मार्च
दुसरं पाकीट आलं. सहाच फुलं घातली. चहा कडू झाला. ओतून दिला.

२८ मार्च
ऋचा पुण्याचं विचारतच नाही. शेवटी मीच विचारलं, वर्ष होईपर्यंत येऊ का? माझ्यासाठी नाही. तिचं ते रकाने तपासण्याचं काम तरी वाचेल. परवा पाडवा. यंदा गुढी नाहीच. उद्याच्या गाडीने निघतो.
किल्ली प्रतिभाताईंकडे. पाळत त्या ठेवतातच, आता रीतसर ठेवतील. सुगनबाईला दोनदा समजावलं. रोज सकाळी सहा फुलं, कप निळाच, वर बशी. गार झाल्यावरच कढीपत्त्याला घालायचा. तिने विचारलं, और साब, जब तक ठंडा हो, खिड़की के पास ही रखूँ?
म्हटलं, हो, तिथेच.
झाडाची प्रकृती आहे. उपचार मधेच सोडून चालत नाही.