न धुतलेली जर्सी

दि. ९ नोव्हेंबर
दुकान, दुपारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस थेंब घाल. तुझी सवय मला ठाऊक आहे, जरा बरं वाटलं की बाटली कपाटात आणि तू गच्चीवर. इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा कुरकुरतोय, दुकानाचं छत परत गळायला लागलंय आणि शेजारच्या चावीवाल्याने नेलेलं स्टूल अजून परत दिलेलं नाही.

आपल्या गोलकीपर बोक्याच्या जर्सीची फ्रेम सुरू केली आहे. हे काम फोटोच्या फ्रेमसारखं नसतं. आत खांद्यांच्या मापाने कापलेला पुठ्ठा घालायचा, म्हणजे अंगात कुणीतरी असल्यासारखी ती भरते. मग मागच्या पाटीला बारीक टाक्यांनी शिवायची. डिंक लावला तर कापडाचं वाटोळं. काच कापडाला टेकू द्यायची नाही. आणि या सगळ्याच्या आधी जर्सी धुवायची. घाम राहिला तर काचेआड डाग धरतात आणि कापड हळूहळू कुजतं.

वहिनीने पिशवी हातात देताना एकच सांगितलं होतं, "भाऊजी, धुवायची नाही." मी मान हलवली. रोज ती जर्सी उशाशी घेऊन झोपायची, हे तूच सांगितलं होतंस. ती स्वयंपाकघरात गेली की तूही तीत तोंड खुपसायचास. मी पाहिलंय.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तुझा पोरगा गेल्यापासून आपण फोनवर त्याचं नाव निघालं की हवापाण्यावर घसरतो. आज तसं करून चालणार नाही.

काल जर्सी टेबलावर पसरली आणि डाव्या कोपरावरचे माझे टाके शोधले. गेल्या हंगामात गोल वाचवताना त्याची बाही फाटली, तेव्हा तो मैदानावरून थेट दुकानात आला होता. म्हणाला, "काका, आईला कळायच्या आत शिवून दे." फ्रेमला वापरतो त्याच दोऱ्याने मी शिवलं. म्हटलं, लेका, लोक इथे जर्सी भिंतीवर लावायला आणतात आणि तू रफू करायला आणतोस. इतका हसला, की माझा चहा सांडला.

टाके नव्हते, दादा. दोन्ही कोपरं धड होती.

त्यांच्या फुटबॉल संघात गोलकीपरच्या दोन जर्स्या असतात. दोन्ही नारिंगी, दोन्हींवर एकच नंबर. एक बोक्याची, दुसरी त्याच्या बदली खेळणाऱ्या जोडीदाराची. शेवटच्या सामन्यात अंग कणकणतंय म्हणून बोका अर्ध्यातून बाहेर आला आणि जोडीदार उतरला. नंतर दोघांचे कपडे एकाच खुंटीला लटकले. त्या तापातून बोका उठला नाही, आणि जोडीदाराने जी जर्सी तुम्हाला आणून दिली ती चुकून स्वतःचीच दिली. मी त्याला बोलावलं. घरी असलेली दुसरी तो घेऊन आला. त्याच्या आईने धुऊन, इस्त्री करून ठेवलेली. कोपरावर माझे टाके. बिचारा दुकानाच्या पायरीवर बसून रडला.

वहिनी ज्या वासाला कवटाळून झोपायची, तो बोक्याचा नव्हता.

मी असं ठरवलंय. फ्रेममध्ये खरी जाईल. धुतलेलीच आहे, टिकेल. न धुतलेली वहिनीला परत पाठवतो. संघाने त्याची दुसरीही दिली असं सांगतो, म्हणजे एक भिंतीवर आणि एक तिच्याजवळ. खोटं आहे. पण खरं सांगून तिच्याकडून मुलाला पुन्हा हिसकावून घ्यायला माझी जीभ रेटत नाही. तुला लिहिलं, कारण एकट्याने हे पोटात ठेवणं जमेना. मला फार आठवण येते रे त्याची.

वाचून झालं की पत्र फाडून टाक. वहिनीला कळता कामा नये.

तुझा,
धाकटा


दि. १४ नोव्हेंबर

भाऊजींना आशीर्वाद. जाऊबाईंना म्हणावं, गुडघा शेकत जा.

डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी करता आणि त्याच माणसाला गुपित लिहून पाठवता, धन्य आहे तुमची. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी आहे. पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. कोपराचं आलं तेव्हा हे म्हणाले, "पुरे, बाकीचं नंतर." मी थांबले नाही.

मला माहीत होतं. पहिल्याच रात्री कळलं. एवढी वर्षं त्याचे कपडे धुतले, मला वास ओळखता येणार नाही?

तो दवाखान्यात होता तेव्हा मी घरातले त्याचे सगळे कपडे धुऊन काढले. मोजेसुद्धा. पांघरूणही. घरी येईल तेव्हा सगळं स्वच्छ हवं म्हणून. नंतर कपाट उघडलं तर साबणाशिवाय कशाचाच वास नाही. तुम्हाला काय सांगू, कितीदा उघडलं असेल ते कपाट.

मग ही जर्सी आली. त्याची नव्हती, पण खेळून आलेल्या मुलाची होती. मला तेवढंही पुरलं. ह्यांना बोलले नाही, कारण हे तीत तोंड खुपसून रडायचे आणि मग त्यांना झोप लागायची. काल पत्र संपल्यावर ते माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्याची घडी घातली. मग म्हणाले, "असू दे. तेही कुणाचं तरी पोरच आहे."

फ्रेम करा. डावी बाही अशी वळवा, की तुमचे टाके समोर दिसतील. इतके बारीक, की धुतानाही मला ते कधी कळले नव्हते, आता रोज बघेन.

दुसरी मला परत नको. ज्याची आहे त्याला द्या. त्याच्या आईला सांगा, आमच्या मुलाची जर्सी तुम्ही फार नीट धुतलीत. आणि त्याला म्हणावं, फ्रेम घेऊन तूच ये. सामना संपला की थेट मैदानावरून ये. अंघोळ करत बसू नकोस.

वाट बघत,
बोक्याची आई