नाय कळला

गुरुवार, महाड. चहा गार झाला, तरी आधी हे लिहून काढते.

ज्युनियर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी रोज विचारते, "कळलं का?" आणि सगळे एका सुरात म्हणतात, "हो मॅडम." दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं. रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक समोर ठेवून 'हो' म्हणतात आणि चाचणीत कोरा कागद देतात.

आज पोलादपूरच्या वरच्या वाडीतली सोनल उभी राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. म्हणाली, "मॅडम, नाय कळला."

त्या वयात मला जमलं असतं का हे? छे.

मी 'मोल', म्हणजे कण मोजायचं एकक, पुन्हा शिकवला, मराठीत, अंड्यांच्या डझनाशी तुलना करून. सोनलची मान हलली, ती बसली. तेवढ्यात सुमैया उठली. महाड बाजारपेठेतली, एरवी अगदी शुद्ध बोलणारी. म्हणाली, "मॅडम, मला पण नाय कळला."

कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून आणखी हात वर.

ती घट्ट धरलेली कड डोळ्यांपुढून हलत नाही. सुमैयाला मात्र बाक धरावं लागलं नाही.

उद्यापासून "कळलं का?" बंद. वर्गात शिरल्या शिरल्या विचारायचं, "काय नाय कळला?"