उत्तर आधी, प्रश्न नंतर

३ मार्च
नेटवर्कवरून जाणारा प्रत्येक संदेश पकडून त्यावर वेळेचा शिक्का मारणारं आमचं सॉफ्टवेअर आजपासून सर्वस्वी माझ्याकडे. योग्य हातात पडलं.
एका हॉस्पिटलची तक्रार : लॅबचं उत्तर आधी दिसतं, डॉक्टरांचा प्रश्न नंतर. लॅबमधलं रेकॉर्डिंग विंडोजवर, डॉक्टरांकडचं लिनक्सवर. समोरच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, लिनक्सवरचं दर वेळी घड्याळ बघतं, विंडोजवरचं सुरुवातीला एकदाच बघून पुढे आपलं आपणच मोजत बसतं. मी म्हटलं, वेळ म्हणजे वेळ. हसली. हसणारे मागेच राहतात.

४ मार्च
फरक दोन मिनिटांचा. दोन मिनिटं वजा केली. विषय संपला. बायकोला म्हटलं, प्रमोशन नक्की. तिने विचारलं, गॅस बुक केलास का. या घरात कदर नाही.

७ मार्च
फरक पाच मिनिटांवर. लॅबचं मशीन दोन तारखेपासून बंदच केलेलं नाही म्हणे. अडाणी.

१० मार्च
रामबाण उपाय. उत्तर आधी दिसलं, की सॉफ्टवेअर ते गुपचूप प्रश्नामागे नेऊन बसवणार. चष्मेवाली म्हणाली, ही दुरुस्ती नव्हे, थाप आहे. पोटदुखी, दुसरं काय.

१३ मार्च
कटकट. लॅबच्या बाईंना नोटीस. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आणि रिपोर्ट मागितल्यावरच पाठवला, असं डॉक्टर म्हणतात. आमचं रेकॉर्डही तेच म्हणतं. बाई म्हणतात, आकडे वाईट दिसले म्हणून न मागताच पाठवला. फोनवर रडत होत्या. मी समजावलं, मशीन खोटं बोलत नाही. नंतर जेवण गेलं नाही. बहुतेक ॲसिडिटी.

१४ मार्च
चष्मेवालीने आगाऊपणे मूळ फाइल उघडली. घड्याळ दर तासाला किती सरकतं ते काढून सगळे शिक्के दुरुस्त केले. तरीही रिपोर्ट आधीच. उत्तर खरोखरच प्रश्नाच्या आधी गेलं होतं. डॉक्टरांनी बघितलं नव्हतं. नोटीस रद्द.
साहेबांनी सॉफ्टवेअर चष्मेवालीकडे दिलं. मला म्हणाले, बाईंची माफी मागून या, समोर जाऊन.

१७ मार्च
गेलो. बाईंनी बसायला खुर्ची दिली. मी विंडोज-लिनक्समधला फरक सविस्तर, सोप्या भाषेत समजावला. शेवटी म्हटलं, थोडक्यात, चूक विंडोजची.
बाई म्हणाल्या, "मग माफी मागायला तुम्ही का आलात?"
त्यांनी पाणी पुढे केलं. प्यालो. मग मागितली.