वल्लरीचे बोरनहाण आणि आम्हां मोठ्यांचे हात

देवास,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप अक्कास,

बालक यशवंताचा साष्टांग नमस्कार. (बालकाला पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षे झाली आणि साष्टांग घातला तर उठवायला माणसे लागतात, तरी पोचला असे समज.) धारला सर्व क्षेम असावे. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला होता, तो बंद केलास की अजून गच्चीवर पापड वाळवायला स्वतःच चढतेस? उत्तर मला ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस आणि आजचे सांगणे लांबलचक आहे.

विषय आपल्या वल्लरीचा. माझी ही नात सातव्या महिन्यात जन्मली, डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली आणि आता चार वर्षांची झाली तरी एकटी चालत नाही, हे तू जाणतेसच. डोके तल्लख, जीभ थेट तुझ्यावर गेलेली, पण पायांचे स्नायू ताठर. ते तिचे ऐकत नाहीत. सूनबाई, म्हणजे शिखा, नोकरीवर जाते, म्हणून फिजिओथेरपीला तिला मी नेतो. तिथल्या प्रियांका मॅडम वयाने शिखाहून लहान, आवाजाने आपल्या आप्पांहून मोठ्या. पहिल्याच दिवशी तिथला एक मोठा निळा चेंडू मी बैठक समजलो, त्यावर टेकलो आणि गादीवर उताणा झालो. मुले खदखदून हसली. उठून धोतर सावरतो (हो, चांगले दिसावे म्हणून धोतर नेसून गेलो होतो), तर मॅडम म्हणाल्या, दादाजी, एक बार और गिरो. मला वाटले चेष्टा करताहेत. पण हसता हसता एका बाळाने मान वर उचलून धरली होती, जी ते एरवी धरत नसे. मी पुन्हा पडलो, अक्का. आनंदाने पडलो. इतकी वर्षे कचेरीत बसून मी कुणाच्या एवढा उपयोगी पडलो नव्हतो.

पण माझा खरा गुन्हा वेगळाच निघाला. वल्लरीने खेळण्याकडे हात नेला की मी ते तिच्या हातात देतो. ती उठू लागली की मी उचलतो. आपल्या घरची सवयच ही, पोराने नुसते बघितले तरी आपण धावतो. शेवटी मॅडमनी मला काचेच्या दाराबाहेर खुर्चीवर बसवले. आप तो चलना सीख चुके हो, म्हणाल्या, अब इसको सीखने दो.

अशात संक्रांत आली. वल्लरीचे बोरनहाण राहूनच गेले होते. पहिल्या संक्रांतीला ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, पुढे घरात कुणाला उमेद नव्हती. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत बोरनहाण घातलेले चालते म्हणून यंदा करायचे ठरवले आणि मॅडमकडे सुट्टी मागितली. त्यांना समजावले, की काळा झगा आणि हलव्याचे दागिने घालून लेकराला पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, गोळ्या, उसाचे तुकडे ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. मॅडम उडाल्याच. अरे भिया, ये तो पूरी एक्सरसाइज हो गई! यहीं करो, सबका करो! (फार खूश झाल्या की त्या मला दादाजीवरून एकदम भिया, म्हणजे भाऊ, करतात.)

मग झाले काय, की पाटावर सगळ्याच मुलांना आळीपाळीने नहाण घातले, गादीभर बोरे घरंगळली आणि तमाम आज्या-आजोबांनी एकदम खाली वाकून आपापल्या नातवंडांच्या मुठी भरायला सुरुवात केली. सर्वांत पुढे मी. मॅडमनी अशी टाळी वाजवली की चुरमुरे सुद्धा जागच्या जागी थांबले असावेत. सगळे मोठे भिंतीला लागून, हात पाठीमागे! आम्ही शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे, आणि गादीवर मुले कामाला लागलेली. कुणी लोळत निघाले, कुणी कोपरांवर सरकले. शौर्य नावाच्या मुलाची डावी मूठ कधी उघडत नसे, ती हळूहळू उघडली आणि बोरावर मिटली. त्याची आजी तोंडात पदर कोंबून बघत होती.

वल्लरीला बाकावर पडलेला उसाचा तुकडा हवा होता. तिने माझ्याकडे हात केला, "आजोबा, दे ना!" मी हललो नाही. तिने डोळे वटारले. मग बाक धरला, एक गुडघा वर घेतला, स्प्लिंट घातलेले पाय लटपटले आणि ती उभी राहिली. ऊस घेतला. आणि अक्का, तिने बाक सोडला. रागाने लाल होऊन, कुणालाही न धरता, एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली आणि तो ऊस माझ्या गुडघ्यावर हाणला. "ऐकू नाही येत?" म्हणाली. पाहुण्यांना मांडूचा किल्ला दाखवून दाखवून मी थकलो, पण तिथे माझे तोंड असे कधी उघडे राहिले नव्हते. हे पाय चालतील असे मला मनातून कधी वाटलेच नव्हते. मी सर्वांदेखत रडलो. मॅडमनी डोळे पुसले आणि ओरडल्या, एक बार और!

वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगायचा, पण आता तूच एक उरलीस, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा धाकटा,
यशवंत

ता. क. रथसप्तमीला आम्ही धारला येतो आहोत. फाटकापासून तुझ्यापर्यंत स्वतः चालत येणार, असे वल्लरीने जाहीर केले आहे. वेळ लागेल. कदाचित पडेलही. तू ओट्यावर खुर्ची टाकून बस आणि ती पोचेपर्यंत उठू नकोस. "अगं बाई, बिचारी" असे शेजारच्या सुमंगलाताईंनाही म्हणू देऊ नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. वर मी हललो नाही असे लिहिले, ते अर्धेच खरे आहे. माझे दोन्ही हात मॅडमनी मागून पकडून ठेवले होते. धारला मॅडम नसतील. फाटकापर्यंत शिखा तिला घेऊन येईल, मी आधीच येऊन तुझ्या खुर्चीशेजारी उभा राहीन. अक्का, माझे हात घट्ट धर.